वर्डमध्ये मराठी, नोटपॅडमध्ये कचरा: जुन्या कॉम्प्युटरवरचं कॉपी-पेस्ट

चहाचा कप हातात असेल तर उत्तम, नसेल तर घेऊन या. आजचा विषय थोडा तांत्रिक आहे, पण ज्यांच्या गॅरेजमध्ये किंवा माळ्यावर एखादा जुना कॉम्प्युटर पडून आहे, त्यांनी तरी तो शेवटपर्यंत ऐकावा. का, ते आधी सांगते.

गेल्या महिन्यात फ्रिमाँटहून एका काकांचा फोन आला. काकू दोन वर्षांपूर्वी गेल्या. त्यांनी विंडोज ९८ च्या कॉम्प्युटरवर बरीच वर्षं मराठीत टाइप करून ठेवलं होतं: पाककृती, माहेरच्या आठवणी, सणांच्या याद्या. नातीनं तो कॉम्प्युटर चालू केला. वर्ड उघडलं, तर सगळं छान मराठीत दिसलं. मग तिनं आपण सगळे करतो तेच केलं. मजकूर निवडला, कॉपी केला, नोटपॅड उघडलं, पेस्ट केला. आणि समोर काय? इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याची चिन्हं, डॉलर. एक अक्षर मराठी नाही. घरात सगळ्यांचं एकमत झालं की फाइली व्हायरसनं खाल्ल्या. शनिवारी कॉम्प्युटर ई-कचऱ्यात द्यायचा असं ठरलं. काकांनी मला विचारलं, "वहिनी, देण्याआधी एकदा बघता का? तुम्ही त्याच क्षेत्रातल्या."

मी गेले. फाइलींना काहीही झालेलं नव्हतं. पण एकाच मशीनवर, एकाच मिनिटाला, एका प्रोग्रॅममध्ये मराठी आणि दुसऱ्यात कचरा, हे का होतं ते कळायला कॉपी-पेस्ट मुळात काय करतं हे बघावं लागतं. ही गोष्ट सुरूही आपल्या अंगणातच होते.

(संगीत)

आपल्यापैकी जे पालो आल्टोच्या बाजूनं जातात, त्यांनी तिथल्या टेकड्यांमधलं, एकेकाळी झेरॉक्सचं असलेलं संशोधन केंद्र, म्हणजे पार्क, पाहिलं असेल. १९७४-७५ च्या सुमाराला तिथे लॅरी टेस्लर आणि टिम मॉट या दोघांनी जिप्सी नावाचा लिखाणाचा प्रोग्रॅम तयार केला. तो चालायचा आल्टो या कॉम्प्युटरवर, आणि केला होता गिन अँड कंपनी या पाठ्यपुस्तकांच्या प्रकाशकांसाठी. ही कंपनी तेव्हा झेरॉक्सच्याच मालकीची होती.

त्या काळात संपादक खरोखरच कात्री आणि गोंद घेऊन बसत. इथला परिच्छेद कापायचा, तिथे चिकटवायचा. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत ज्यांनी पेस्टिंग विभाग पाहिला आहे, त्यांना हे सांगायला नको. टेस्लर आणि मॉट यांनी तीच कल्पना पडद्यावर आणली. आधीच्या बऱ्याच प्रोग्रॅममध्ये प्रत्येक कामासाठी वेगळी अवस्था असायची. लिहायच्या अवस्थेत आहोत की खोडायच्या, हे माणसानं लक्षात ठेवायचं. विसरलात तर टाइप केलेलं अक्षर आज्ञा समजलं जाई आणि मजकूर उडून जाई. टेस्लर यांना या अवस्थांचा इतका राग होता की त्यांच्या गाडीच्या नंबरप्लेटवरही 'नो मोड्स' असंच लिहिलेलं होतं. आधी मजकूर निवडा, मग काय करायचं ते सांगा, हा साधा क्रम आज आपण फोनवरही वापरतो.

पण हे झालं एकाच प्रोग्रॅमच्या आत. एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात मजकूर नेणं ही वेगळी गोष्ट आहे. डॉसच्या काळात काम केलेल्या मंडळींना वर्डस्टार आठवत असेल. कंट्रोल-के-बी नं गठ्ठ्याची सुरुवात, कंट्रोल-के-के नं शेवट, कंट्रोल-के-सी नं नक्कल. हे सगळं एका फाइलीपुरतं. तो गठ्ठा दुसरीकडे न्यायचा तर कंट्रोल-के-डब्ल्यू करून त्याची वेगळी फाइल करायची, आणि दुसऱ्या फाइलीत जाऊन कंट्रोल-के-आर नं ती आत ओढायची. डॉसमध्ये एका वेळी एकच प्रोग्रॅम चालायचा, आणि दोन प्रोग्रॅमना जोडणारी सगळ्यांची अशी जागाच नव्हती. त्यात वर्डस्टार शब्दाच्या शेवटच्या अक्षरावर स्वतःची एक छुपी खूण करून ठेवायचा. वर्डस्टारमध्ये मजकूर छान, पण तीच फाइल दुसऱ्या प्रोग्रॅमनं उघडली की प्रत्येक शब्दाचं शेवटचं अक्षर विचित्र! म्हणजे हे दुखणं मराठीच्याही आधीचं आहे, बरं का.

टेस्लर १९८० साली ॲपलमध्ये गेले. १९८३ साली लिसा आला आणि २४ जानेवारी १९८४ ला मॅकिंटॉश. त्यात कापणं, नक्कल करणं आणि चिकटवणं यांसाठी कीबोर्डवर खालच्या ओळीतल्या शेजारशेजारच्या कळा होत्या: एक्स, सी आणि व्ही. एक्स तर कात्रीसारखाच दिसतो. पहिल्या मॅकमध्ये मेमरी १२८ किलोबाइट आणि एका वेळी एकच मोठा प्रोग्रॅम. तरीही लिहायचा प्रोग्रॅम बंद करून चित्राचा उघडला, तर कॉपी केलेलं टिकून असायचं, कारण ते प्रोग्रॅमच्या बाहेर ठेवलेलं असायचं. त्या जागेचं नाव क्लिपबोर्ड. शाळेत परीक्षेला आपण चिमटा लावलेला पॅड न्यायचो ना, तोच हा. त्यावर एका वेळी एकच कागद. नवा लावला की जुना गेला.

विंडोजची पहिली आवृत्ती नोव्हेंबर १९८५ मध्ये आली आणि तिच्याबरोबरही क्लिपबोर्ड होता. सुरुवातीच्या विंडोजमध्ये कळा वेगळ्या होत्या: कंट्रोल-इन्सर्ट म्हणजे कॉपी, शिफ्ट-इन्सर्ट म्हणजे पेस्ट, शिफ्ट-डिलीट म्हणजे कट. १९९२ च्या विंडोज ३.१ पासून एक्स-सी-व्ही रुळले. जुन्या कळा मात्र विंडोजमध्ये अजूनही बऱ्याच ठिकाणी चालतात, वाटलं तर आज करून बघा.

(संगीत)

आता मुद्द्यावर येऊ. आपल्याला वाटतं, कॉपी केलं म्हणजे समोर दिसतंय ते जसंच्या तसं उचललं गेलं. तसं होत नाही. वर्डमध्ये कॉपी केलं की वर्ड एकाच मजकुराची अनेक रूपं मांडून ठेवतो. एक रूप नटलेलं: फॉन्ट, आकार, ठळक, तिरपं, सगळ्यासकट. एक रूप साधं: नुसत्या अक्षरांचे क्रमांक. एखादं रूप चित्राचं. पेस्ट करणारा प्रोग्रॅम या मांडलेल्या ताटातून आपल्याला पचेल ते उचलतो. वर्ड सगळं खातो. नोटपॅड हा पथ्यावर असलेला पाहुणा, तो फक्त साधा वरणभात घेतो, बाकी पक्वान्नांना हात लावत नाही.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर जुन्या वर्डच्या एडिट मेनूत पेस्ट स्पेशल आहे. त्यावर क्लिक केलं की रूपांची यादीच समोर येते. आणि एक गंमत. बऱ्याचदा वर्ड ही रूपं खरोखर तयार करतही नाही, फक्त वचन देतो की मागाल तेव्हा देईन. म्हणूनच खूप मजकूर कॉपी करून वर्ड बंद करायला गेलात की तो विचारायचा, क्लिपबोर्डवर बराच मजकूर आहे, नंतर लागणार आहे का? अनेकांनी वैतागून 'नाही' दाबलं असेल. मी तरी वर्षानुवर्षं तेच केलं.

इंग्रजीला याचा त्रास होत नाही. साध्या रूपात फॉन्ट गेला तरी ए हा ए च राहतो. मराठीचं तसं नव्हतं.

१९९० च्या दशकात विंडोजच्या साध्या प्रोग्रॅमना एका अक्षरासाठी एक बाइट मिळायचा, म्हणजे एकूण २५६ जागा. त्या जागा इंग्रजी आणि पश्चिम युरोपातल्या अक्षरांनी भरलेल्या. देवनागरीला वेगळी जागा नाही. मग आपल्या लोकांनी युक्ती काढली. इंग्रजी अक्षराचा क्रमांक तोच ठेवायचा, पण त्याचं चित्र बदलायचं. कॉम्प्युटरच्या दृष्टीनं तुम्ही इंग्रजी अक्षर टाइप केलं, पण फॉन्टमध्ये त्या जागी चित्र आहे अर्ध्या म चं, किंवा काना-मात्रेचं. शिवाजी, किरण, श्री-लिपी, पुण्याच्या सी-डॅकचे सुरेख आणि योगेश, अशी कितीतरी नावं तुम्हाला आठवतील. परदेशातल्या मराठी मंडळांच्या स्मरणिका, लग्नपत्रिका, गणपतीच्या आरत्यांच्या पुस्तिका या फॉन्टांच्या जिवावर निघाल्या. युक्ती उत्तम होती, तिला नावं ठेवू नका. पण प्रत्येकानं चित्रं आपापल्या सोयीनं बसवली. एका फॉन्टमध्ये ज्या क्रमांकावर क, त्याच क्रमांकावर दुसऱ्यात वेलांटी.

म्हणजे काकूंच्या फाइलीत मराठीपण दोन ठिकाणी होतं: क्रमांकांत अर्धं आणि फॉन्टच्या नावात अर्धं. वर्डमधून वर्डमध्ये पेस्ट केलं की दोन्ही जात. नोटपॅडमध्ये नुसते क्रमांक गेले, फॉन्ट मागे राहिला. नोटपॅडनं आपल्या नेहमीच्या इंग्रजी फॉन्टमध्ये ते दाखवले. तोच तो कचरा.

मी नातीला म्हटलं, आता या नोटपॅडच्या एडिट मेनूत जा, सेट फॉन्ट उघड, आणि वर्डच्या पट्टीवर जे फॉन्टचं नाव दिसतंय तेच इथे निवड. तिनं निवडलं. डॉलर आणि कंस गेले, आणि पहिली ओळ आली: 'कडबोळी, आईच्या पद्धतीची'. काका खुर्चीतून उठून पडद्याजवळ आले, चष्मा वर केला आणि पुढची ओळ मोठ्यानं वाचायला लागले. आम्ही दोघी गप्प बसलो.

(संगीत)

म्हणून मंडळी, आजच्या भागातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही: कचरा दिसला तर मजकूर जिवंत आहे. प्रश्नचिन्हं दिसली तर मात्र तो गेला.

प्रश्नचिन्हांचं काय प्रकरण? युनिकोड नावाच्या पद्धतीत देवनागरीला १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून स्वतःचे १२८ क्रमांक मिळाले, आणि विंडोज २००० पासून घरच्या कॉम्प्युटरवर मंगल फॉन्टसह ते वापरता यायला लागले. आज तुम्ही व्हॉट्सॲपवर जे मराठी लिहिता ते हेच. आता हे खरं मराठी २५६ जागांच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये पेस्ट केलं, तर त्याच्याकडे क ला जागाच नाही. तो प्रत्येक अक्षराच्या जागी एक प्रश्नचिन्ह ठेवतो. क असो, ज असो, सगळ्यांचं एकच प्रश्नचिन्ह. मग ते परत कसं ओळखणार?

काकूंच्या नंतरच्या एक्सपी लॅपटॉपवर अशी एक फाइल निघाली. पुण्याच्या बहिणीचं पत्र नोटपॅडमध्ये पेस्ट केलेलं. सेव्ह करताना नोटपॅड सांगतो की या पद्धतीनं साठवलं तर काही अक्षरं जातील. काकूंनी आपल्यासारखंच ओके दाबलं असणार. दोन पानं प्रश्नचिन्हं, मध्ये पूर्णविराम आणि स्वल्पविराम. ते पत्र आता फक्त पुण्यात मिळालं तर मिळेल. काकांनी मावशींना फोन करायचं कबूल केलं आहे.

आता तुमच्या घरी असा कॉम्प्युटर असेल तर काय कराल?

पहिलं म्हणजे टाकू नका, आणि नवीन काही त्यावर चढवू नका. दुसरं, मजकूर कॉपी-पेस्ट करून बाहेर काढू नका, अख्ख्या फाइली काढा. वर्डच्या फाइलीत फॉन्टचं नाव आत लिहिलेलं असतं, साध्या मजकुरात नसतं. विंडोज ९८ ला पेन ड्राइव्ह बहुधा ओळखता येत नाही, त्याला वेगळा ड्रायव्हर लागतो. त्यापेक्षा हार्ड डिस्क बाहेर काढून यूएसबीचा अडॅप्टर लावून नव्या कॉम्प्युटरला जोडणं सोपं. जमत नसेल तर ओळखीतल्या एखाद्या जाणकार मुलाला बोलवा, त्याला आवडेल.

तिसरं, फॉन्टची फाइल घ्यायला विसरू नका. सी ड्राइव्हमध्ये विंडोज, त्यात फॉन्ट्स नावाचं फोल्डर. फाइलीच्या नावाच्या शेवटी टीटीएफ असतं. लोक पत्रं नेतात आणि फॉन्ट कचऱ्यात टाकतात. हे म्हणजे कुलूप घरी आणलं आणि किल्ली फेकली.

चौथं, नव्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट बसवून फाइल उघडा आणि तिची पीडीएफ करा. पीडीएफमध्ये फॉन्ट आतच राहतो, त्यामुळे पान जसं होतं तसं दिसत राहील. पण लक्षात ठेवा, त्या पीडीएफमधून मजकूर कॉपी केलात तर पुन्हा कचराच येईल, कारण आत क्रमांक तेच आहेत. पीडीएफ म्हणजे तुमचा फोटो, वाचायला आणि पडताळायला.

पाचवं, मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या. त्यासाठी फॉन्ट बदलणारे कन्व्हर्टर मिळतात, पण तुमच्याच फॉन्टचा हवा. एका फॉन्टचा कन्व्हर्टर दुसऱ्याला लावलात तर वेगळाच कचरा तयार होईल. आणि बदलायच्या आधी तो मजकूर फोनवरून किंवा ईमेलमधून फिरवू नका. वर्ड किंवा फोन आपणहून वाक्याचं पहिलं अक्षर कॅपिटल करतो, सरळ अवतरणचिन्हं वळवतो. इंग्रजीत ती मदत असते. इथे तो एक क्रमांक बदलतो, म्हणजे एक मराठी अक्षर बदलतं. ही आपोआप सुधारणा आधी बंद करा.

सहावं, कन्व्हर्टरवर डोळे झाकून विश्वास नको. जुन्या फॉन्टांत ऱ्हस्व वेलांटी जशी दिसते तशी, म्हणजे अक्षराच्या आधी साठवलेली असते. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. रफाराचं उलटं. म्हणजे कन्व्हर्टरला नुसते क्रमांक बदलून चालत नाही, अक्षरांची जागाही हलवावी लागते. म्हणून 'स्थिती', 'वर्ष', 'दुसऱ्या', 'सुऱ्या' असे शब्द नीट बघा. वेलांटी, रफार, ऱ्य आणि जोडाक्षरं, चुका बहुधा इथेच सापडतात. एका खिडकीत पीडीएफ, दुसरीत नवा मजकूर, आणि एकानं वाचायचं, दुसऱ्यानं तपासायचं.

हे शेवटचं काम मुलांना एकट्यानं जमणार नाही, आणि आजी-आजोबांनाही नाही. मुलांना कॉम्प्युटर येतो, पण पाककृतीत 'मोहन' लिहिलेलं असेल तर ते तळणीच्या पिठात घालायचं गरम तेल की कोणी मोहनकाका, हे त्यांना कळत नाही. काकांकडे आता दर बुधवारी संध्याकाळी नात येते. ती टाइप करते, ते वाचतात. परवा फोनवर म्हणाले, एका पाककृतीवरून दोघांचं वाजलं. कन्व्हर्टरनं दिलं होतं 'चार वाट्या तिखट'. नात म्हणाली, आजीनं लिहिलंय तर चारच. काकांनी पीडीएफ उघडली. तिथेही 'चार वाट्या'च होतं. चूक कन्व्हर्टरची नव्हती, काकूंची होती. काकांनी ती दुरुस्त करू दिली नाही. शेजारी कंसात 'चमचे' लिहायला सांगितलं.

तर मंडळी, आज जेवणं झाली की एकदा गॅरेजमध्ये डोकावून या. तुमच्याकडच्या जुन्या फाइलीत कोणता फॉन्ट आहे, काय अडलं, ते आम्हाला जरूर कळवा. फॉन्टचं नाव लिहायला विसरू नका, त्याशिवाय काहीच सांगता येणार नाही. कडबोळ्यांची कृती काकांनी सगळ्यांना द्यायला परवानगी दिली आहे, ती पुढच्या रविवारी. मोहनासकट.

भेटूया मग. तोवर नमस्कार!